दुखणे ऐकणारे शास्त्र

आई गेल्यावर तेरावे उरकले आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही तिचे कपाट आवरायला घेतले. गिरगावातल्या चाळीतील दोन खोल्या. एका म्हाताऱ्या माणसाचे सामान असून असून किती असणार? सुती पातळे, दोन पोथ्या, तारेत ओवलेली विजेची बिले, वडिलांचा एक फोटो. आमच्या सौ.ने सर्वांत खालच्या कप्प्यातून पावडरीचा एक जुना पत्र्याचा डबा काढला आणि सवयीने कानाशी हालवून पाहिला. आत काहीतरी खुळखुळले. झाकण उघडले तर गोळ्या! पांढऱ्या, वाटोळ्या, पाकिटातून सोडवून ठेवलेल्या. मी मास्तर माणूस. दुसरे काही सुचेना म्हणून मोजल्या. ४३ भरल्या.

ही २०२० सालच्या जानेवारीतील गोष्ट. गोळ्या मी लगेच ओळखल्या. ओळखणारच, त्या मीच आणून देत होतो. २०१८ च्या नोव्हेंबरात आईच्या पायांवर सूज आली, रात्री आडवे पडले की धाप लागू लागली, आणि तिला इस्पितळात न्यावे लागले. हृदय अशक्त झाले आहे, अंगात पाणी साठते आहे, असे निदान झाले. घरी सोडताना इतर औषधांबरोबर ही गोळी दिली होती. लघवीवाटे साठलेले पाणी निघून जावे, म्हणून रोज सकाळी एक. घरात तिचे नाव 'पाण्याची गोळी' असेच पडले होते.

मी डोंबिवलीला राहतो. दर रविवारी सकाळी गिरगावात जाऊन मी पाकिटातील रिकामी घरे मोजत असे. हिशेब नेहमी बरोबर यायचा. तरी फेब्रुवारीत तिला पुन्हा इस्पितळात दाखल करावे लागले. "आजी, गोळ्या घेता ना वेळेवर?" तरुण डॉक्टरांनी विचारले. "घेते की," आई म्हणाली. आणि मी पुढे होऊन ग्वाही दिली. मग दोष कोणाचा? मिठाचा! घरी सोडतानाच्या कागदावर 'पथ्य पाळत नाहीत' असा शेरा पडला, आणि त्याच संध्याकाळी मी तिची लोणच्याची बरणी उचलून डोंबिवलीला आणली. आई काही बोलली नाही. बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा तेवढा सोडून घेतला आणि म्हणाली, "हा राहू दे माझा."

त्या ४३ गोळ्या समोर पाहून मला आधी राग आला आणि मग दुसरेच काही झाले. माझी आई अडाणी नव्हती. जुनी मॅट्रिक, रोजचे वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचणारी, आण्यापैचा हिशेब ठेवणारी बाई. तिने हे का करावे? याचे उत्तर मला तीन वर्षांनी मिळाले, आणि तेही अशा एका शास्त्राच्या वाटेने मिळाले की ज्याचे नाव मी तोवर केवळ शब्दकोशात पाहिले होते.

माझी भाची परिचारिका आहे. नुसती परिचारिका नव्हे. नोकरी सांभाळून तिने पीएच. डी.ला नाव घातले होते. विषय असा की, हृदयविकाराचे रुग्ण इस्पितळातून घरी गेल्यावर त्यांचे काय होते. २०२३ च्या मे महिन्यात ती एक पिशवीभर वह्या घेऊन माझ्याकडे आली. "मामा, रुग्णांच्या मुलाखती मी जशा बोलल्या तशा उतरवून घेतल्या आहेत. तू एकदा मराठी बघून दे."

"प्रश्नावली कुठे आहे?" मी विचारले. संशोधन म्हटले की 'होय, नाही, सांगता येत नाही' असे चौकोन छापलेला कागद, एवढे माझे ज्ञान.

"प्रश्नावली नाही. मी त्यांच्या घरी जाऊन बसत होते."

"बसत होतीस म्हणजे?"

"म्हणजे बसत होते. सकाळपासून रात्रीपर्यंत. काय खातात, कोण येतं, गोळ्यांचा डबा कुठे ठेवतात, कोण कोणाला काय सांगतं आणि काय सांगत नाही, ते बघायचं आणि लिहायचं. याला एथ्नोग्राफी म्हणतात."

मराठीत या एथ्नोग्राफीला 'मानवजातिवर्णन' असा एक भारदस्त शब्द आहे. तो ऐकून संग्रहालयातील काचेची कपाटे डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात मामला फार साधा. लोकांत जाऊन राहायचे, त्यांची भाषा शिकायची, आणि ती माणसे आपल्या जगण्याचा अर्थ कसा लावतात हे त्यांच्याच बाजूने समजून घ्यायचे. या पद्धतीचा मोठा आचार्य म्हणजे पोलंडमध्ये जन्मलेला ब्रोनिस्लाव्ह मालिनोव्स्की. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा हा गृहस्थ ऑस्ट्रियाचा प्रजाजन म्हणून ऑस्ट्रेलियाच्या मुलखात शत्रुपक्षाचा ठरला. पण संशोधनाची परवानगी त्याला मिळाली, आणि १९१५ ते १९१८ या काळातील जवळजवळ दोन वर्षे त्याने न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर काढली. तोवरचे बरेच पंडित गोऱ्या अधिकाऱ्याच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून 'नेटिवां'ना बोलावून घेत आणि प्रश्न विचारीत. याने तंबू थेट गावात ठोकला. सकाळी भांडणाच्या आवाजाने जाग यावी, दुपारी मासेमारीच्या होड्या पाहाव्या, आणि कंटाळा आला तरी तिथेच असावे. १९२२ साली त्याचा ग्रंथ निघाला आणि मानवशास्त्राची तऱ्हाच बदलली.

"ठीक आहे," मी भाचीला म्हणालो, "पण होड्या आणि बेटे यांचा इस्पितळाशी काय संबंध?"

त्यावर तिने मला पाण्याची गोष्ट सांगितली. ती प्रत्येक गृहिणीने ऐकावी अशी आहे.

दक्षिण अमेरिकेत पेरू देशात इका नावाचे खोरे आहे. त्यात लॉस मोलिनोस हे सुमारे २०० घरांचे गाव. तेथील पाणी दूषित. म्हणून आरोग्यखात्याने बायकांना पाणी उकळून प्यायला शिकवण्याचे ठरवले. नेमलेली आरोग्यसेविका मेहनती होती. ती घरोघर गेली, एकेका घरी अनेकदा गेली, डॉक्टरांची भाषणेही झाली. दोन वर्षे हा उद्योग चालला. निष्पत्ती काय? नव्याने पाणी उकळू लागलेल्या घरांची संख्या ११! एखादा अधिकारी म्हणाला असता, अडाणी लोक, त्यांना जंतू कळत नाहीत. एडवर्ड वेलिन या मानवशास्त्रज्ञाने तसे न म्हणता बायकांच्या चुलीपाशी बसून पाहिले, आणि त्याचा लेख १९५५ साली प्रसिद्ध झाला. त्या गावात खाण्यापिण्याच्या साऱ्या पदार्थांची 'उष्ण' आणि 'थंड' अशी वाटणी होती. उष्णतेचा संबंध आजाराशी. उकळलेले पाणी म्हणजे आजारी माणसाचे पाणी. धडधाकट माणसाने ते प्यायचे म्हणजे आपण आजारी असल्याची दवंडी पिटायची! जी बाई आधीच दुखणाईत म्हणून ठरलेली होती ती निमूटपणे पाणी उकळीत होती. डोंगरातून आलेली, गावात कोणाशी फारसे सख्य नसलेली एक बाई सेविकेचे ऐकत होती, कारण गाव काय म्हणेल याची तिला पर्वा नव्हती. बाकीच्यांना होती. शिवाय जळण आणि वेळ यांचा प्रश्न होताच.

आता आपण या लोकांना हसावे काय? पपई उष्ण, ताक थंड, बाळंतिणीला उकळलेले पाणी, हे आमच्या घरात मी जन्मापासून ऐकत आलो आहे. पेरूतल्या त्या बायका आमच्या चाळीत आल्या असत्या तर आईशी त्यांचे पाच मिनिटांत जमले असते.

दुसरी हकीकत न्यू गिनीच्या डोंगरातील आहे, आणि ती थोडी भयंकर आहे. तेथे फोरे नावाच्या लोकांत 'कुरू' हा रोग पसरला होता. कुरू म्हणजे थरथर. आधी तोल जायचा, मग सारे अंग कापायचे, पुढे उभे राहता यायचे नाही, आणि साधारण वर्षाच्या आत मरण ठरलेले. १९५७ च्या सुमारास या रोगाने दर वर्षी दोनशेच्या आसपास माणसे जात होती, आणि त्यांत मोठ्या बायका आणि मुलेच पुष्कळ. मोठे पुरुष थोडे. डॉक्टर गाय्डुसेक आणि त्यांचे सहकारी चक्रावून गेले. रोग घराण्याघराण्यांतून दिसतो, तेव्हा तो आनुवंशिक असावा, असा तर्क निघाला. १९६१ साली शर्ली लिंडेनबॉम आणि रॉबर्ट ग्लास हे मानवशास्त्रज्ञ जोडपे तेथे जाऊन राहिले. त्यांनी काय केले? म्हाताऱ्यांशी गप्पा मारल्या आणि वंशावळी उतरवून घेतल्या. म्हाताऱ्या माणसांना आपल्या भागातला कुरूचा पहिला रोगी आठवत होता! म्हणजे रोग पुरातन नव्हे, काही दशकांपूर्वीच आलेला. दुसरे असे की, फोरे लोक ज्याला 'भाऊ' म्हणतात तो रक्ताचा असेलच असे नाही. शेजारधर्माने, स्नेहाने जोडलेले नातेही त्याच शब्दात येते. त्यामुळे डॉक्टरांना जे एकाच रक्ताचे वाटत होते ते तसे नव्हतेच. आणि तिसरे, मेलेल्या आप्ताचे मांस प्रेतसंस्कारात खाण्याची चाल त्यांच्यात होती. त्यात भाग घेत बायका आणि त्यांच्या अंगाखांद्यावरची मुले. मोठे पुरुष बहुधा त्यापासून दूर राहत, आणि मुलगा सहासात वर्षांचा झाला की पुरुषांच्या घरात राहायला जाई. रोगाचे सारे कोडे त्या चालीवर तंतोतंत बसत होते. पुढे १९६६ साली चिंपांझींना तो रोग देता आला आणि तो सांसर्गिक असल्याचे सिद्ध झाले. १९७६ साली गाय्डुसेकना नोबेल पारितोषिक मिळाले. चाल १९५० नंतरच्या दशकात बंद पडली होती. तरी २००० साल उलटल्यावरही एखाददुसरा म्हातारा रोगी सापडत होता, इतका हा रोग अंगात दबा धरून बसतो.

पारितोषिक डॉक्टरांना मिळाले, याबद्दल माझी तक्रार नाही. पण 'भाऊ' या एका शब्दाचा अर्थ नीट विचारल्यावर वैद्यकाची वाट मोकळी झाली, हे वाचून माझ्यासारख्या भाषेच्या मास्तराला किती धन्य वाटले म्हणून सांगू!

शब्दांवरून आणखी एक. हॉवर्ड बेकर हा समाजशास्त्रज्ञ १९५५ पासून अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत विद्यार्थ्यांबरोबर हिंडत होता. एका रुग्णबाईला तपासून बाहेर पडल्यावर एक विद्यार्थी तिच्याबद्दल म्हणाला, "ही अगदी क्रॉक आहे." क्रॉक म्हणजे शब्दशः मातीचे मडके. बेकरने विचारले, क्रॉक म्हणजे काय? पोरे गोंधळली. मनाने आजारी असलेला रोगी, असे एकाने सांगितले. पण मनाच्या ताणाने ज्याला पोटात व्रण झाला होता तो रोगी क्रॉक का नाही, याचे उत्तर त्यांना देता येईना. पुष्कळ वाद घालून शेवटी निघाले ते असे: ज्याच्या तक्रारी पुष्कळ पण ज्याच्या शरीरात दाखवण्याजोगा बिघाड सापडत नाही, तो क्रॉक. का, तर त्याच्यापासून विद्यार्थ्याला नवे काही शिकायला मिळत नाही आणि वेळ मात्र जातो! एका शिवीतून साऱ्या वैद्यकीय शिक्षणाचा आतला कारभार बेकरला उलगडला. त्याच्या आणि सहकाऱ्यांच्या ग्रंथाचे नाव 'बॉइज इन व्हाइट'; तो १९६१ साली निघाला. आपल्याकडच्या वॉर्डांत असा कोणता शब्द चालतो, हे मी भाचीला विचारले. ती हसली आणि तिने विषय बदलला.

आता मी तिच्या वह्यांकडे येतो, कारण त्या तपासताना माझे मे महिन्याचे वीस दिवस कसे गेले ते मला कळले नाही. इस्पितळाच्या छापील अर्जात एक प्रश्न होता: 'गेल्या सप्ताहात आपणास श्वसनास अडथळा जाणवला काय?' बहुतेकांनी 'नाही'वर खूण केली होती. त्याच माणसांच्या घरी भाची बसली तेव्हा ती काय बोलली? एकाला 'दम लागतो'. एकीला 'धाप लागते'. एका गिरणीकामगाराच्या विधवेला 'कोंडल्यासारखं होतं'. एकीचा 'जीव वर येतो', तर एका पेन्शनर मास्तरांना 'छातीत भरून येतं, पण ते वयामुळे'. अडथळा कोणालाच नव्हता. अडथळा रस्त्यात असतो!

तसेच 'वेदना'. वेदना कवीला होतात. चाळीतल्या माणसाचे दाढेला ठणका लागतो, पोटात कळ येते किंवा मुरडा मारतो, पाठीत चमक भरते, पोटरीत गोळा येतो, फोड ठुसठुसतो, तळपायांची आग होते, डोळे भगभगतात, डोक्यात सणक जाते. ज्याला ताप म्हणता येत नाही ती कणकण. प्रत्येक शब्दाला आपला अवयव आहे आणि आपली जात आहे. आणि डॉक्टर विचारतात, 'एक ते दहामध्ये किती दुखते?' आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने, जो मानवशास्त्रज्ञही आहे, डॉक्टरने रोग्याला विचारावे अशा प्रश्नांची एक छोटी यादी १९७८ साली आपल्या सहकाऱ्यांबरोबर दिली. तुम्ही या दुखण्याला काय म्हणता? ते कशामुळे झाले असे तुम्हाला वाटते? ते तेव्हाच का सुरू झाले? त्यातले तुम्हाला सर्वांत भय कशाचे वाटते? डॉक्टरला दिसतो तो रोग आणि माणूस भोगतो ते आजारपण, असा भेद तो करतो. मराठीत हा भेद आधीपासून आहे. रोग पडतो, साथ येते. पण दुखणे आपण 'काढतो'. काढायला घर लागते, माणसे लागतात.

आपल्या महाराष्ट्रात या दृष्टीने काम झाले नाही असे मुळीच नाही. गडचिरोलीचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन खेड्यांतील ६५० बायकांच्या तपासणीचा अहवाल छापला. १०० पैकी ९२ बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या १०० पैकी ८. या आकड्यांनी जगाचे डोळे उघडले. पण आकड्यांच्या मागे बायकांशी मांडीला मांडी लावून केलेले बोलणे होते. राणीबाईंच्या 'कानोसा' या पुस्तकाचे नावच बोलके आहे. त्यांच्या इस्पितळाची हकीकतही तशीच. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. उत्तरे मिळाली ती अशी: इमारतीचे भय वाटते, डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात आणि आम्ही तर पांढऱ्यात प्रेत गुंडाळतो, रोग्याला एकटे ठेवून नातेवाइकांना बाहेर काढतात, आणि तेथे देव नसतो. म्हणून शोधग्रामचे इस्पितळ आदिवासी गावासारखे झोपड्याझोपड्यांचे बांधले गेले, नातेवाइकांना जागा ठेवली गेली, आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले.

या शास्त्राला नावे ठेवणारेही आहेत. आमच्या कॉलेजातील संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांना मी या वह्या दाखवल्या तेव्हा ते म्हणाले, "अहो, बावीस माणसांवरून काय सिद्ध होतं? आणि ही बाई घरात बसली आहे म्हटल्यावर घरची माणसं वेगळी वागणार नाहीत?" दोन्ही आक्षेप खरे आहेत. बावीस घरांवरून महाराष्ट्राचा टक्का काढता येत नाही. भाचीने तो काढलेलाही नाही. किती जण गोळी चुकवतात, हे मोजायला प्रश्नावलीच हवी. पण का चुकवतात, हेच ज्याला ठाऊक नाही तो प्रश्नावलीत प्रश्न तरी कोणता घालणार? राहिले वेगळे वागणे. पाहुण्यांसमोर दोन तास शहाण्यासारखे वागता येते, चार दिवस नाही. भाची सांगत होती की, पहिल्या दिवशी सगळ्या घरांत अळणी भाजी शिजते. तिसऱ्या दिवशी पापड भाजल्याचा वास येतो!

तिचे काम २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे जवळजवळ दीड वर्ष बंद पडले. या पद्धतीचे हे दुबळेपण म्हणा, की जिथे दार बंद तिथे शास्त्र बंद.

पिशवीच्या तळाशी एक पातळशी वही होती. वर लिहिले होते, 'सरावाची वही, मार्च २०१९'. मूळ संशोधनात तिचा समावेश नव्हता. भाचीच्या मार्गदर्शक बाईंनी तिला सांगितले होते की, परक्या घरी जाण्यापूर्वी ओळखीच्या एका रुग्णाजवळ चार दिवस राहून लिहायचा सराव कर. रुग्णाच्या जागी नुसते 'आ.' असे अक्षर होते. पहिल्या पानावर खोलीचा नकाशा होता आणि तो पाहताच मी खुर्चीत सावरून बसलो. मोरी कुठे, देव्हारा कुठे, पावडरीचा डबा कुठल्या कप्प्यात.

वहीत वेळा घालून नोंदी होत्या. त्यातली काही वाक्ये येथे माझ्या शब्दांत देतो. पाण्याची गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाने सुरुवात होते आणि मग दोनतीन तासांत पाचसहा वेळा जावे लागते. चाळीचे संडास गॅलरीच्या टोकाला. आईच्या दारापासून अकरा दारे ओलांडून. आईचे गुडघे धरलेले. गोळी सकाळची, आणि सकाळीच तिथे ऑफिसला जाणाऱ्यांची, शाळेच्या पोरांची रांग. रांगेत उभे राहून धरवत नाही, आणि आठव्या खोलीतली सूनबाई म्हणते, "काकू, पुन्हा? या, पुढे व्हा." तिने चांगुलपणाने म्हटलेले. पण साऱ्या गॅलरीसमोर. 'मग मोरीत का नाही जात?' असे भाचीने विचारलेले दिसते. त्यावर: मोरीला लागून देव आहेत. डिसेंबरमध्ये एकदा गॅलरीतच पातळ भिजले. त्या रात्री आईने ते सगळे निजल्यावर धुतले आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी डब्यात जाऊ लागली. रविवारी मात्र मुलगा येतो म्हणून ती त्याच्यासमोर घ्यायची.

डिसेंबरच्या त्या आठवड्यात मी गेलो होतो. दांडीवर एकच पातळ वाळत होते आणि ते धुण्याच्या पिळ्यातले नव्हते, हे मला आता आठवते. मी त्याखालून वाकून आत गेलो होतो. वर्गात मी मुलांना ललित गद्य शिकवताना निरीक्षणावर दोन तास घेतो.

पुढच्या पानावर भाचीने आजीला विचारले आहे, मामाला का नाही सांगितलंस? उत्तर तिने जसेच्या तसे उतरवले आहे: "त्याला सांगितलं तर तो मला डोंबिवलीला नेईल. घरात संडास आहे म्हणेल. असेल. पण तिथे दुपारी दार उघडं टाकून बसता येत नाही. इथे मी पन्नास वर्षं दार उघडं टाकून बसले आहे."

भाचीची तिथे मोठी पंचाईत झाली असावी. संशोधकाने रुग्णाचे गुपित फोडायचे नाही, आणि नातीने आजीला मरू द्यायचे नाही. तिने मला काही सांगितले नाही. आजीला बरोबर घेऊन ती डॉक्टरांकडे गेली आणि आजीनेच तोंडाने सांगावे, म्हणून बाजूला बसून राहिली. डॉक्टर भले गृहस्थ. ते म्हणाले, गोळी दुपारी दोनला घेतली तरी चालेल, मात्र चुकवायची नाही. दुपारी दोनला चाळीची गॅलरी रिकामी असते. "वेळ बदलून दिली डॉक्टरांनी," एवढेच आईने मला त्या रविवारी सांगितले होते, आणि मी पाकिटावर पेनाने '२' लिहून दिले होते. त्यानंतर पुढच्या जानेवारीपर्यंत, दहा महिने, तिला इस्पितळाचे तोंड पाहावे लागले नाही.

वहीच्या शेवटी परवानगीचा कागद चिकटवला होता. त्यावर आईची सही, आणि सहीखाली तिच्या अक्षरात दोन ओळी होत्या. त्यांचा आशय असा की, मी असेपर्यंत माझ्या मुलाला दाखवू नये. नंतर दाखवण्यास हरकत नाही, तो शुद्धलेखन तपासून देईल.

भाचीचा प्रबंध पुढे मान्य झाला. ती ज्या इस्पितळात काम करते तेथे रुग्णाला घरी सोडताना भरायच्या अर्जात एक प्रश्न नव्याने घालायचे ठरले, आणि त्याचे मराठी करण्यासाठी ती पुन्हा माझ्याकडे आली. तिच्या कागदावर होते: 'निवासस्थानी शौचालयाची उपलब्धता'. मी ते खोडून लिहिले: 'संडास घरात आहे की बाहेर? किती लांब? जाताना वाटेत कोण कोण भेटतं?' पहिले दोन प्रश्न छापले गेले. तिसरा अर्जाच्या चौकटीत मावला नाही. तो परिचारिका तोंडी विचारतात.